सहा पेन्सांचे राजवाडे

ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूमची जमीन लाकडाच्या ३०,६०२ ठोकळ्यांची आहे. महोगनी, ओक आणि अक्रोड या तीन लाकडांचे तुकडे नक्षीत बसवून ती तयार केली. लांबी १२० फूट, रुंदी १०२ फूट. भोवती सोनेरी सज्जे, छतावर रंगवलेलं आकाश, झुंबरं, आणि रंगमंचाच्या कमानीवर शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड अडोनिस’ या काव्यातली एक ओळ. एखाद्या सम्राटाचा दरबार वाटावा असा हा थाट. पण ही जमीन घातली ती बर्नली, ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, बोल्टन इथल्या गिरणी कामगारांसाठी. वर्षभर मागावर उभं राहणाऱ्या बायका आणि पुरुष सुटीच्या आठवड्यात इथे येत, दाराशी सहा पेन्स मोजत आणि या झुंबरांखाली नाचत.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राच्या काठी हे गाव आहे. तिथल्या जुन्या नाचघरांबद्दल आणि चित्रपटगृहांबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांच्यामागचा पैसा महत्त्वाचा वाटतो. तो पैसा कापडाचा होता. लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांनी १९१३ साली जवळपास ७ अब्ज यार्ड कापड परदेशी पाठवलं आणि त्यातलं सुमारे ३ अब्ज यार्ड एकट्या हिंदुस्थानात आलं. ब्लॅकबर्नच्या भागात तर कित्येक गिरण्या खास आपल्या बाजारासाठी धोतरं विणत. आपल्या पणजोबांनी धोतरजोडीला मोजलेल्या किमतीतला काही पैसा या लाकडी जमिनीत जिरला आहे. म्हणून ब्लॅकपूलच्या करमणुकीचा इतिहास मला परका वाटत नाही.

रेल्वे ब्लॅकपूलला १८४६ साली पोचली. तोवर ते समुद्रस्नानाला येणाऱ्या मोजक्या सुखवस्तू लोकांचं ठिकाण होतं. गिरणीगावांतून आगगाड्या भरभरून येऊ लागल्या त्या ‘वेक्स वीक’च्या प्रथेमुळे. वेक्स म्हणजे मुळात चर्चच्या संताच्या नावाने भरणारी गावची जत्रा. यंत्रयुग आलं तरी लँकेशायरच्या कामगारांनी जत्रेच्या दिवसांत कामावर जायचं नाकारलं. शेवटी मालकांनी हार मानली आणि त्या दिवसांत अख्खी गिरणी बंद ठेवून बॉयलर साफ करून घेणं पत्करलं. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. एका आठवड्यात ओल्डहॅम रिकामं, पुढच्या एखाद्या आठवड्यात बर्नली. त्यामुळे उन्हाळाभर ब्लॅकपूलला गर्दीची एक लाट ओसरते तोच दुसरी येई. एवढ्या पक्क्या गिऱ्हाइकीच्या भरवशावरच कोणी धनको समुद्रकाठी राजवाडा बांधायला पैसे देतो.

ही सुटी भरपगारी नव्हती, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पगारी सुटीचा कायदा इंग्लंडमध्ये १९३८ साली आला. त्याआधीची दोन-तीन पिढ्यांची सगळी चैन आठवड्याला थोडे थोडे पैसे भिशीसारख्या क्लबात टाकून साठवलेली होती. लँकेशायरला ते जमलं, कारण तिथे बायकाही मागावर काम करत. विणकामात बाई आणि पुरुष यांना एकाच दराने मजुरी मिळे. नवरा, बायको आणि मोठ्या मुली असे तीन-चार पगार एका घरात येत. कोळशाच्या खाणीत एकटा बाप राबणाऱ्या घराला समुद्र परवडत नव्हता, तो विणकराच्या घराला परवडला. ब्लॅकपूलच्या नाचघरांच्या पायाशी बाईची मजुरी आहे, असं मी म्हणेन.

आधी आले समुद्रात शिरणारे लोखंडी धक्के, म्हणजे पिअर. पहिला, नॉर्थ पिअर, १८६३ साली उघडला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद होऊन लँकेशायरमध्ये उपासमार चालली होती, ती याच साली. नेमक्या त्याच कापूसटंचाईने मुंबईत सोन्याचा पाऊस पाडला. प्रेमचंद रायचंद यांचे शेअर, बॅकबे भरणीच्या कंपन्या आणि १८६५चा धुव्वा ही सगळी त्या टंचाईचीच लेकरं. नॉर्थ पिअरने आपला दर्जा राखला, हलक्या लोकांना जमेल तितकं दूर ठेवलं. १८६८ साली दुसरा धक्का झाला, जो आज सेंट्रल पिअर म्हणून ओळखला जातो. तो चालेना. तेव्हा रॉबर्ट बिकरस्टाफ या व्यवस्थापकाने तिथे उघड्यावर बँड लावला आणि लोकांना नाचू दिलं. खाली भरतीचं पाणी, वर फळ्यांवर बुटांचा ठेका. गिरणी कामगारांना आपली जागा सापडली आणि धक्का तरला. ब्लॅकपूलमध्ये नाचाचा धंदा होऊ शकतो, हे पहिल्यांदा या फळ्यांवर सिद्ध झालं.

विंटर गार्डन्स १८७८ साली उभी राहिली. पाऊस आला की समुद्रकाठचा पाहुणा कुठे जाणार, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर रोजचा. काचेच्या छताखाली झाडं, फेरफटका, वाद्यवृंद, अशी मूळ कल्पना बरीच सोज्वळ होती. ती बदलली विल्यम हॉलंड या माणसाने. १८८७ साली तो लंडनहून व्यवस्थापक म्हणून आला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याने शंभर गिनींचा गालिचा अंथरायचा ठरवला, तेव्हा कोणीतरी कुरकुर केली की हे कामगार त्यावर थुंकतील. हॉलंडने त्याचीच जाहिरात केली आणि लोकांना खुशाल येऊन थुंकायचं आमंत्रण दिलं. लोक आले, गालिचा पाहिला आणि कोणी थुंकलं नाही. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण तिच्यातला विचार खरा आहे. माणसाला चांगल्या जागी नेलं तर तो चांगला वागतो, या विश्वासावर ब्लॅकपूलने पुढची पन्नास वर्षं भांडवल गुंतवलं. स्वस्त तिकिटाच्या माणसाला स्वस्त जागा द्यायची, हा हिशेब तिथे कोणी केला नाही.

पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे या इतिहासाचा सगळ्यात रसरशीत भाग. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनातल्या आयफेल टॉवरवरून स्फूर्ती घेऊन ब्लॅकपूलचे महापौर जॉन बिकरस्टाफ मनोऱ्याच्या मागे लागले. घराणं तेच बिकरस्टाफांचं. १४ मे १८९४ रोजी ५१८ फूट ९ इंच उंचीचा ब्लॅकपूल टॉवर उघडला. आत यायला सहा पेन्स, लिफ्टने वर जायला आणखी सहा, सर्कस पाहायला आणखी सहा. मनोऱ्याच्या चार पायांमध्ये सर्कशीचं रिंगण बसवलं होतं आणि एक नाचघरही होतं. विंटर गार्डन्सला हे सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी १८९६ साली एम्प्रेस बॉलरूम बांधली. कमानदार अर्धगोल छत, साडेबारा हजार चौरस फूट जमीन. जगातल्या सर्वांत मोठ्या नाचघरांत तिची गणना झाली. शेजारी ‘इंडियन लाउंज’ नावाचं एक दालनही सजवलं. तेव्हा टॉवरने फ्रँक मॅचम या नामांकित नाट्यगृह-वास्तुविशारदाला बोलावलं. गावातली ऑपेरा हाउस आणि ग्रँड थिएटर ही त्याचीच कामं होती. आपलं पहिलं नाचघर बदलून टाकून टॉवरने त्याच्याकडून १८९९ साली आजची बॉलरूम करून घेतली. त्याच वर्षी समुद्रासमोर अल्हाम्ब्रा नावाचा तिसरा राजवाडा उघडला. त्यातही नाचघर, सर्कस, नाट्यगृह. तीन राजवाडे पोसण्याइतके सहा पेन्स मात्र गावात येत नव्हते. अल्हाम्ब्रा बुडाला, टॉवर कंपनीने तो विकत घेतला आणि ‘पॅलेस’ नावाने चालवला.

१८९६ या सालापाशी मराठी वाचकाने थोडं थांबावं. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची एम्प्रेस झाल्याला तेव्हा १९ वर्षं झाली होती. ती पदवी जाहीर झाली त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेदजी टाटांनी नागपूरला आपली एम्प्रेस मिल सुरू केली होती. ब्लॅकपूलची एम्प्रेस उघडली त्या वर्षी कलकत्त्याच्या सरकारने कापडावरचे कर नव्याने ठरवले. विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि मुंबई, नागपूर, अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर. आपल्याच देशात विणलेल्या कापडावर हा कर बसला तो लँकेशायरच्या गिरणीमालकांनी पार्लमेंटवर आणलेल्या दडपणामुळे. टिळकांनी त्याविरुद्ध महाराष्ट्रात विलायती कापडावर बहिष्काराची मोहीम काढली ती याच वर्षी. हा कर थेट १९२५-२६मध्ये गेला. एम्प्रेसच्या जमिनीवर नाचणाऱ्या बर्नलीच्या पोरीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. परळच्या गिरणीत बारा-तेरा तास उभ्या राहणाऱ्या सातारी, कोकणी कामगाराला ब्लॅकपूलचं नावही ठाऊक नव्हतं. तिचा आनंद खरा होता आणि याच्यावरचा अन्याय खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबवहीत लिहिलेल्या आहेत आणि यातली एक सांगताना दुसरी गाळली तर इतिहास खोटा होतो.

नाचघरात शिस्त कडक होती. टॉवर बॉलरूमच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या: पुरुषाने सोबत स्त्री असल्याशिवाय नाचायचं नाही, आणि गोंधळ घातला की तिथल्या तिथे हकालपट्टी. बायकांनी बायकांबरोबर नाचण्याला आडकाठी नव्हती आणि त्या सर्रास नाचत. गिरणीतल्या मैत्रिणी घोळक्याने येत, आपापसांत जोड्या लावत. रविवारी नाच बंद, फक्त धार्मिक संगीत. पेहराव मात्र बघण्यासारखा असे. सुटीसाठी नवा पोशाख शिवायचा हा रिवाज होता. स्वतः विणलेलं कापड जन्मभर दुसऱ्याच्या अंगावर जाताना पाहिलेल्या माणसांनी त्या आठवड्यात नवं कापड स्वतः ल्यायचं, याचं मोल मला मोठं वाटतं.

आता पडद्याकडे येऊ. ल्युमिएर बंधूंची चलचित्रं २८ डिसेंबर १८९५ला पॅरिसमध्ये तिकीट लावून दाखवली गेली आणि ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. त्यांच्या पहिल्या खेळातलं एक चित्र होतं कारखान्यातून सुटणाऱ्या कामगारांचं. लँकेशायरमध्ये या एका कल्पनेचा व्यवसाय झाला. ब्लॅकबर्नचे सॅगर मिचेल आणि जेम्स केनियन हे दोघे कॅमेरा घेऊन गिरणीच्या फाटकासमोर उभे राहत आणि सुटणाऱ्या पाळीचं चित्रण करत. डोक्यावर शाल घेतलेल्या बाया, टोप्या घातलेले पुरुष, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी पोरं, सगळं एका लोंढ्यात. जत्रेतले तंबूवाले हे तुकडे विकत घेत आणि त्याच गावात लगोलग दाखवत. या, स्वतःला पडद्यावर बघा, एवढी जाहिरात पुरेशी होती. तिकीट काढणारा आणि पडद्यावर दिसणारा माणूस एकच. सिनेमाच्या इतिहासात नट नसलेल्या माणसाला इतक्या आदराने क्वचितच मध्यभागी ठेवलं गेलं असेल. याच जोडीने ब्लॅकपूलचे धक्केही टिपले. सुटीच्या दिवसात सजून फिरणारी तीच माणसं १९०३-०४च्या या चित्रणात आपल्याला भेटतात.

ही चित्रं नंतर पार विसरली गेली. १९९४ साली ब्लॅकबर्नमधल्या त्यांच्या जुन्या दुकानाच्या जागेत काम चालू असताना धातूची पिंपं सापडली, त्यांत जवळपास ८०० फिल्मची मूळ निगेटिव्ह होती. नायट्रेटची ती फीत नुसत्या ठिणगीने पेटते. ती कित्येक दशकं तळघरात तग धरून राहिली आणि भंगारात जाता जाता वाचली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तिचं जतन केलं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज जेमतेम काही रिळं उरली आहेत, हे आठवलं की या पिंपांची किंमत कळते.

ब्लॅकपूलमध्ये सिनेमा सुरुवातीला स्वतंत्र घर मागत नव्हता. नाट्यगृहात, सर्कशीच्या मध्यंतरात, धक्क्यावरच्या मंडपात, जिथे गर्दी तिथे तो. १९११ साली पॅलेसमध्ये त्याला स्वतःचं दालन मिळालं. पुढच्या वीस वर्षांत गावभर चित्रपटगृहं झाली. त्यांतलं चर्च स्ट्रीटवरचं रीजंट १९२१चं.

मूकपट आणि नाचघर यांची सगळ्यात सुंदर गाठ पडली ती १९२७च्या ‘हिंडल वेक्स’मध्ये. स्टॅन्ली हाउटन यांच्या १९१२च्या नाटकावरून मॉरिस एल्वी यांनी तो केला. गिरणीत काम करणारी फॅनी वेक्स वीकमध्ये ब्लॅकपूलला जाते, तिथे तिला मालकाचा मुलगा भेटतो आणि ती त्याच्याबरोबर काही दिवस काढते. परतल्यावर दोन्ही घरांतले वडीलधारे लग्नाचा घाट घालतात. फॅनी नाही म्हणते. तिला मजा हवी होती, तशी त्यालाही हवी होती. तिच्या हातात कसब आहे, पगार आहे आणि अब्रू झाकण्यासाठी नवरा नको आहे. एल्वींनी कॅमेरा थेट टॉवर बॉलरूममध्ये नेला. वरच्या सज्जातून घेतलेल्या दृश्यात शेकडो जोडपी एकाच वेळी फिरताना दिसतात. रात्री हा सिनेमा पाहणाऱ्या मुली सकाळी त्याच जमिनीवर नाचून आलेल्या असू शकत. माझ्या मते या गावाने जगाला दिलेलं हे सर्वोत्तम चित्र आहे, आणि त्याची नायिका पगारदार बाई आहे, हा योगायोग नाही.

दोन वर्षांत बोलपट आले. मूकपटांना साथ करणारे पियानोवाले, ऑर्गनवाले, व्हायोलिनवाले देशभर बेकार झाले. आपल्याकडेही ‘आलम आरा’नंतर पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन बसणारे असेच उठले. पण ब्लॅकपूलमध्ये एक वेगळी गोष्ट घडली. चित्रपटगृहांसाठी घडवलेलं वुर्लिट्झर ऑर्गन १९२९ साली टॉवर बॉलरूममध्ये बसवलं गेलं. एका माणसाच्या दहा बोटांत आणि दोन पायांत अख्खा वाद्यवृंद, त्यात झांजा, घंटा, ढोल सगळं. १९३० साली रेजिनाल्ड डिक्सन तिथे वादक म्हणून आले. तेही आधी मूकपटांना साथ करत. नाचणाऱ्यांना ऑर्गनवर ठेका सापडत नाही असा तेव्हा समज होता. पाइपातून सूर उमटायला किंचित उशीर लागतो, हे त्यामागचं कारण. डिक्सननी डाव्या हाताचा आणि पायाचा ठेका इतका करकरीत केला की हजार माणसं त्यावर बिनचूक पावलं टाकू लागली. १९३५ला त्यांच्या मनासारखं मोठं ऑर्गन आलं आणि जुनं एम्प्रेसमध्ये गेलं. डिक्सन १९७०पर्यंत, चाळीस वर्षं, तिथे वाजवत राहिले. बीबीसीच्या रेडिओवरून तो आवाज घरोघरी गेला. मूकपट मेले, त्यांचं वाद्य नाचघराने सांभाळलं.

एम्प्रेसमध्ये नाचाची स्पर्धा १९२०मध्ये सुरू झाली होती. कल्पना अशी की वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि फॉक्सट्रॉट या तीन तालांत नवे नाच रचून दाखवायचे. १९३१पासून तिथे ब्रिटिश बॉलरूम अजिंक्यपदाच्या स्पर्धा होऊ लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला आले असताना लँकेशायरला गेले. ब्लॅकपूलपासून फार दूर नसलेल्या, डार्वेनजवळच्या स्प्रिंगवेलला ते राहिले. बहिष्काराने ज्यांचे माग थांबले होते त्या कामगारांनी त्यांना घेरलं आणि गिरणीच्या बायकांनी त्यांच्या भोवती उभं राहून हात उंचावून जयजयकार केला. तो फोटो जगप्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांच्या बेकारीबद्दल दुःख व्यक्त केलं आणि हिंदुस्थानातली बेकारी, उपासमार किती अफाट आहे तेही सांगितलं. फोटोतल्या बायकांनी ब्लॅकपूलला सुटी काढली असणार, यात मला शंका वाटत नाही. आपले दोन इतिहास समोरासमोर उभे राहिले असा तो एक दिवस.

मंदीचं हे वास्तव पडद्यावरही आलं. १९३४च्या ‘सिंग अॅज वी गो’मध्ये रॉचडेलची लाडकी गायिका ग्रेसी फील्ड्स गिरणी बंद पडल्यावर सायकल मारत ब्लॅकपूलला काम शोधायला जाते. कथा जे. बी. प्रीस्टली यांची. सात वर्षांपूर्वीची फॅनी सुटीसाठी आली होती, ही पोटासाठी आली. दोन सिनेमांमधल्या या फरकात लँकेशायरची सगळी घसरण आहे.

तरीही ब्लॅकपूल बांधत राहिलं. टॉवर कंपनीने १९२८ साली विंटर गार्डन्सही घेतली होती. १९३० साली तिथे अँड्र्यू मॅझेई यांनी स्पॅनिश हॉल आणि बॅरोनियल हॉल घडवले. ते सिनेमाचे कलादिग्दर्शक. सेटवर वापरतात ते तागाच्या धाग्यांचं प्लास्टर घेऊन त्यांनी भिंतींवर स्पेनची गावं उभी केली. १९३९च्या उन्हाळ्यात तर कळस झाला. ६ मे रोजी डिक्सन रोडवर ओडियन चित्रपटगृह उघडलं, ३,०८८ खुर्च्यांचं. ओडियन साखळीने बांधलेलं हे सर्वांत मोठं. १४ जुलैला नवी ऑपेरा हाउस उघडली, तिच्यातही जवळपास तीन हजार माणसं बसत आणि सिनेमाही दाखवता येई. ३ सप्टेंबरला युद्ध पुकारलं गेलं.

युद्धात ब्लॅकपूल बुडेल असं वाटलं होतं, झालं उलट. वायुदलाने लाखो पोरं प्रशिक्षणाला इथे आणली, पोलिश वैमानिक आले, लंडनची सरकारी खाती आली. बॉम्बच्या भीतीने सुरुवातीला बंद झालेले हॉल थोड्याच दिवसांत उघडले आणि रोज भरले. दुसऱ्या दिवशी कुठे पाठवतील हे ठाऊक नसलेल्या वीस वर्षांच्या मुलांना नाचण्याची किती निकड असेल, हे सांगायची गरज नाही.

त्यानंतरचा उतार भराभर सांगून टाकतो. १९५६च्या डिसेंबरमध्ये टॉवर बॉलरूमला आग लागली, जमीन आणि रंगमंच जळाला. कंपनीने तिथे काही नवं आणि स्वस्त करायचं टाळलं. म्हातारे कारागीर निवृत्तीतून बोलावून १९५८ला ती जशीच्या तशी उभी केली. पॅलेसचं नशीब तसं नव्हतं. १९६१ला तो पाडला आणि त्या जागी डिपार्टमेंट स्टोअर आलं. घरात टीव्ही आला होता. १९६०च्या जुगार कायद्याने बिंगोला वाट मोकळी झाली आणि एकामागून एक चित्रपटगृहं बिंगोचे हॉल झाली. १९६४ला ब्लॅकपूल सेंट्रल हे चौदा फलाटांचं स्टेशन बंद झालं. स्पेनची उन्हाची सहल स्वस्त झाली. आणि मुळावरच घाव बसला होता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटन सुती कापड निर्यातीपेक्षा जास्त आयात करू लागला, आणि ते कापड येत होतं हाँगकाँग, पाकिस्तान आणि हिंदुस्थानातून. १९५९च्या कायद्याने सरकार मालकांना माग मोडीत काढायला पैसे देऊ लागलं. गिरणीच नाही तर गिरणीची सुटी कुठून राहणार?

तरुणांनी जाता जाता या जागा दणाणून सोडल्या. जुन्या हिप्पोड्रोमच्या जागी १९६३ला एबीसी थिएटर आलं. १ ऑगस्ट १९६५ला तिथून झालेल्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्सनी ‘यस्टरडे’ गायलं. एम्प्रेसमध्ये १९६४च्या जुलैमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात दंगल झाली, खुर्च्या आणि झुंबरं फुटली, आणि गावाने त्यांच्यावर घातलेली बंदी २००८पर्यंत उठवली नाही. सत्तरच्या दशकात मेक्का नावाच्या नाचघराच्या हायलँड रूममध्ये गिरणीगावांतलीच पोरं डेट्रॉइट-शिकागोच्या काळ्या गायकांच्या अनोळखी तबकड्यांवर रात्र जागवत. याला नॉर्दर्न सोल म्हणतात. आजोबांनी वॉल्ट्झ केला, नातवाने हे. २००९ला मेक्काची इमारत पाडली.

चित्रपटगृहं गेली आणि नाचघरं राहिली, असं का झालं? माझं उत्तर असं की सिनेमाचा पडदा घरात आणता येतो, तीस हजार ठोकळ्यांची जमीन येत नाही. ओडियनचे १९७५ला तीन तुकडे झाले, १९९८च्या डिसेंबरमध्ये ते बंद पडलं आणि २००२पासून तिथे स्त्रीवेशातल्या पुरुषांचा ‘फनी गर्ल्स’ हा नाचगाण्याचा खेळ चालतो. इमारत मात्र शाबूत आहे. रीजंट बिंगो आणि जुन्या वस्तूंचा बाजार असे जन्म घेऊन पुन्हा सिनेमाकडे वळलं. मॅचमचं ग्रँड थिएटर १९७२ला पाडायला निघाले होते. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भांडून ते वाचवलं आणि १९८१ला ते पुन्हा नाटकासाठी उघडलं. २०१० साली टॉवर, विंटर गार्डन्स आणि काही मालमत्ता नगरपालिकेने जवळपास ४ कोटी पौंड देऊन विकत घेतल्या. इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब गावांत मोडणाऱ्या गावाने हे केलं. काही जणांना तो उधळेपणा वाटला. मला तो रास्त वाटतो, कारण ती त्यांच्या पणज्यांनी पेन्स-पेन्स साठवून उभी केलेली मिळकत आहे.

आमच्या मुंबईच्या गिरणगावाला असा वाली मिळाला नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. जिथे रात्रपाळी सुटल्यावर माणसं तमाशाला आणि मराठी सिनेमाला गर्दी करत, त्या जागांपैकी लालबागचं भारतमाता चित्रपटगृह तेवढं लोकांनी आंदोलनं करकरून टिकवलं. त्याचा मागोवा कोणीतरी मन लावून, तिकिटाच्या दरापासून पडद्याच्या मापापर्यंत, आत्ताच लिहायला हवा. तो काळ पाहिलेली माणसं अजून आहेत.

दर मे महिन्यात एम्प्रेसमध्ये जगभरातल्या जोड्या नाचाच्या स्पर्धेला येतात. टॉवर बॉलरूम दुपारी चहाला आणि नाचाला उघडी असते, ऑर्गन वाजतं, तिकीट परवडण्यासारखं आहे. मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्या मराठी मंडळींनी लंडन आणि स्ट्रॅटफर्ड पाहून परतू नये. मँचेस्टरहून ब्लॅकपूलची गाडी पकडावी, सज्जात बसावं आणि वाटलंच तर खाली उतरून त्या जमिनीवर चार पावलं टाकावीत. तिच्या किमतीत आपलाही वाटा आहे.